दोघांचे टक्के

२०१८ सालच्या आखाडात माझी डावी बाजू गेली. बाजरी पेरून दोनच दिवस झाले होते. पहाटे गोठ्यात गेलो, म्हशीचं दावं सोडायला वाकलो तर डावा हात उचलेना. मला वाटलं, रात्री अंगाखाली दबला असंल. म्हणून पाय पुढं टाकला आणि तिथंच शेणात बसलो. हिला हाक मारली तर तोंडातनं शब्द निघेना. ही आली, माझं वाकडं झालेलं तोंड बघितलं आणि काही न बोलता भावकीतल्या पोरांना उठवायला पळाली. पळाली म्हणतो, पण तिचे गुडघे तेव्हाही धड नव्हते.

महिनाभरात तोंड सरळ झालं. बोलणं आलं. पाय ओढत का होईना, काठी धरून चालायला लागलो. डावा हात मात्र कोपरात वळून छातीशी बसला, तो बसलाच.

हिचं दुखणं माझ्या आधीचं. गावात सगळे वात म्हणायचे. निर्गुडीचा पाला बांधून झाला, एरंडेल पिऊन झालं. शेवटी मोठ्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि सांगितलं, हा आमवात, हा सांधा खातो. आठवड्यातनं एकदाच घ्यायची गोळी सुरू झाली, पण तोवर बोटं करंगळीकडं वाकली होती. पहाटे तिच्या मुठी उघडायच्या नाहीत. कोमट पाण्याच्या घमेल्यात हात घालून बसायची आणि मग चुलीपुढं जायची.

आम्हाला दोन मुली. दोघी दिल्या घरी, आपापल्या संसारात. रान तीन एकर, सगळं जिराईत. आमच्या माणदेशात पाऊस आला तर आला. मी पडल्यावर रान वाट्यानं दिलं. वाटेकऱ्याकडनं बाजरी-ज्वारीची पोती यायची आणि २०१९ पासनं केंद्राचे चार महिन्याला दोन हजार. औषधाला दोघांचे मिळून महिन्याला अठराशे रुपये लागायचे. म्हैस पहिल्याच वर्षी विकली. मग शेळ्यांवर आलो.

एक दिवस गिरणीत दळणाला बसलो होतो. तिथं पुतण्या म्हणाला, "तात्या, संजय गांधीत नाव घाला की. दोघांचंबी बसतंय."

मी हसलो. का हसलो ते सांगायला पाहिजे. मी दहावीपर्यंत शिकलेला. आमच्या वाडीत त्या काळी तेवढं शिकलेले दोघं-तिघंच. १९८० साली अंतुले मुख्यमंत्री असताना ही संजय गांधी निराधार योजना निघाली. तेव्हापासनं वाडीतले त्याचे अर्ज मीच लिहीत आलो. कोणी विधवा यायची, कोणी आंधळा यायचा. मी कागदाला समास सोडून वळणदार अक्षरात लिहायचो, "अर्जदार ही निराधार असून तिला उपजीविकेचे कोणतेही साधन नाही." मग शाईचं पॅड पुढं करायचो. बाया अंगठा उठवताना मान खाली घालायच्या. मला वाटायचं, लिहिता येत नाही म्हणून लाजत असतील. चाळीस वर्षं मला असंच वाटत होतं.

आता स्वतःचा अर्ज लिहायला बसलो. उजवा हात चांगला होता, अक्षर अजून तसंच होतं. "अर्जदार हा" इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबला.

ही समोर बसली होती. म्हणाली, "काय लिवताय?"

"निराधार."

"आन् माझ्या अर्जात?"

"त्यातबी तेच."

"तुमी हाय की. मग मी निराधार कशी? आन् मी हाय, मग तुमी कसं?"

मी म्हणालो, "अगं, सरकारी शब्द हाय तो. मनाला लावून घिऊ नगंस."

पण तिनं लावून घेतलंच. आमच्याकडं नवरा जिता असताना बाईला निराधार म्हणणं म्हणजे शिवीच. दोन दिवस अर्ज फडताळात तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी गोळ्यांची पाकिटं संपली, तेव्हा तिनंच काढून माझ्यापुढं ठेवला.

नियम असा की अर्जदार महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिलेला पाहिजे आणि वय ६५ च्या आत पाहिजे. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. अपंगाला ती मर्यादा ५० हजार. पक्षाघात, कर्करोग, क्षय असल्या आजारानं ज्याला कमावता येत नाही तो बसतो. अपंग बसतो, पण त्याचं अपंगत्व कमीत कमी ४० टक्के असावं लागतं. रेशनकार्ड, तलाठ्याचा पंचनामा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा आणि आधार कार्ड. सेवा केंद्राच्या रांगेत एक म्हातारा म्हणाला, "निराधाराला बी आधार लागतोय बघा." सगळी रांग हसली. मीपण हसलो. ही हसली नाही.

टक्के ठरवायला जिल्ह्याच्या दवाखान्यात जावं लागतं. २०२१ च्या मार्गशीर्षात पुतण्यानं आमची नावं मोबाईलवर नोंदवली आणि ठरल्या वारी पहाटेच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. दवाखान्याच्या पडवीत दोनशे माणसं असतील. कोणाला पाय नाही, कोणाला दिसत नाही. एका बाईनं पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा कडेवर घेतला होता.

माझा नंबर आधी लागला. डॉक्टरनं हात ओढून बघितला, गुडघ्यावर ठोकलं, चालायला सांगितलं. मी काठी खुर्चीला लावून ठेवली आणि बिनकाठीचा सहा पावलं चाललो. कशासाठी चाललो कुणास ठाऊक. ही दारात उभी राहून बघत होती म्हणून असंल. डॉक्टर म्हणाला, "आजोबा, काठी घ्या, इथं बक्षीस नाही." हातापायातला जोर तपासून त्यानं ५५ टक्के लिहिले.

मग हिचा नंबर. हाताच्या अपंगत्वासाठी त्यांच्याकडं कामांची एक यादी असते आणि प्रत्येक कामाला टक्के ठरलेले असतात. डॉक्टर मान खाली घालून भराभर विचारत होता. मागं रांग होती, त्याचाही इलाज नव्हता.

"मावशी, डोक्याच्या वर सामान ठेवता येतं?"

"येतंय की."

"हातानं जेवता?"

"जेवती की."

"वेणी घालता? बटण लावता? गाठ बांधता? पाण्याचा पेला उचलता?"

"व्हतंय. व्हतंय की समदं."

"परसाकडं जाऊन आल्यावर धुता येतं?"

यावर तिनं नुसती मान हलवली. मी तिच्या एका बाजूला उभा, पुतण्या दुसऱ्या बाजूला. मला सगळं ऐकू येत होतं आणि मी गप्प होतो. बोटं वाकलेली डॉक्टरला दिसत होती, त्याचे टक्के त्यानं धरले. बाकी जसं सांगितलं तसं लिहिलं. ३२ टक्के.

कार्डं घरी आली तेव्हा माझ्या कार्डावर पिवळा पट्टा होता, हिच्यावर पांढरा. पांढरा म्हणजे चाळीसच्या आत. माझा अर्ज पुढं गेला, हिचा मागं आला. २०२२ च्या पावसाळ्यात मला महिन्याला एक हजार रुपये सुरू झाले. गावात त्याला पगार म्हणतात. पारावरचे म्हणाले, "तात्याला पगार सुरू झाला, तीन एकर रान असून." मी ऐकून घेतलं. हजार रुपयांत माझ्या गोळ्या निघत होत्या. हिच्या निघत नव्हत्या. मग ही आठवड्याची गोळी दोन आठवड्यांनी घ्यायला लागली. मला सांगितलं नाही. पाकीट लवकर संपंना झालं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

तालुक्याला चहाच्या टपरीवर एक माणूस भेटला. त्याला माझी सगळी कथा आधीच माहीत होती. म्हणाला, "बत्तीसचं बेचाळीस करून देतो. पाच हजार. काम झाल्यावर द्या, पण पैसा तयार ठेवा." मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. घरी आलो आणि त्या शुक्रवारी बाजारात गाभण शेळी विकली. हिला सांगितलं, औषधाला विकली. पाच हजार रुपये रुमालात बांधून फडताळात ज्ञानेश्वरीच्या मागं ठेवले. अशा पैशाला जागासुद्धा मी अशी शोधली.

चार-आठ दिवसांनी तिनं तो रुमाल काढून माझ्यापुढं ठेवला. "औषधाचं पैसं पोथीमागं कशापायी?"

मला खोटं सांगता आलं नाही.

ती म्हणाली, "दहा टक्के वाढवून देणार. म्हंजी खोटं लिवणार?"

"खोटं कशाचं? तुझं हात बघ की. बत्तीसच खोटं हायत."

"खरं आसंल तर खऱ्याला पैसं कशाला?"

मी गप्प बसलो. मग तीच खाली बघत बोलली, "खोटं मीच बोलले तवा. समदं व्हतंय म्हनले."

"का म्हनलीस?"

"काय सांगू? येणी कोण घालतं म्हनून इचारलं आसतं तर? पुतण्या हुबा व्हता. दुसऱ्या दिशी पाराव बोलणं झालं आसतं, तात्या बायकूची येणी घालतोय."

इथं आमच्या घरातली गोष्ट सांगायला पाहिजे. मी पडल्यापासनं रोज सकाळी दार लोटून हिची वेणी मी घालत होतो. मी बाजेवर बसायचो, ही खाली माझ्या पायाशी. मला एकच हात. केसांचा एक पेड ती दोन्ही तळव्यांत दाबून धरायची, दुसरा मी गुडघ्यात धरायचो, तिसरा हातात घेऊन फिरवायचो. दुपारपर्यंत वेणी सुटायची, पण सकाळी ती वेणी घालूनच बाहेर पडायची. झंपराची बटणं मी लावायचो. माझ्या सदऱ्याची डावी बाही ती तोंडानं धरून वर ओढायची. भाकरीचंही तसंच. पीठ मी एका हातानं मळायचो, ती तळहाताच्या फुगीर भागानं थापायची, मी उचलून तव्यावर टाकायचो. भाकरी गोल व्हायची नाही. पण बाहेरून बघणाऱ्याला हे घर धड दिसायचं. ही विंचरलेली, मी सदरा घातलेला, चुलीतनं धूर निघालेला.

आणि हाच आमचा घोटाळा झाला होता. तिला काय होत नाही ते मी झाकत होतो, मला काय होत नाही ते ती झाकत होती. दोघं एकमेकांच्या आड उभे राहून सरकारला सांगत होतो, आमचं बरं चाललंय. आमच्या मुलखात माणसाला कसं हाय विचारलं तर तो बरं हाय म्हणतो. दुष्काळात म्हणतो, तापात म्हणतो. माझा बाप मरायच्या आदल्या दिवशी बरं हाय म्हणाला होता. ती आमची रीत आहे. पण टक्क्याच्या कागदाला ही रीत कळत नाही. तिथं बरं हाय म्हटलं की कागदावर बरं हायच उमटतं.

मी तिला विचारलं, "तुला माझी लाज वाटली?"

"तुमची कशाला? तुमाला लोकांत लाज वाटंल म्हनून."

माझ्यासाठी तिनं आठ टक्के घालवले होते. म्हणजे महिन्याचे हजार रुपये. म्हणजे तिच्याच गोळ्या.

टपरीवरच्या माणसाला मी पुन्हा भेटलो नाही. शेळी गेली ती गेली. त्या पैशातनं हिच्या गोळ्या आणल्या आणि उरलेले फेरतपासणीच्या खेपांना लावले. दिवाळीच्या आधी पुन्हा जिल्ह्याला गेलो. या वेळी पुतण्याला बरोबर घेतलं नाही. काठीनं एसटीच्या पायऱ्या चढताना ही मागनं मला खांद्यानं रेटा देत होती.

या खेपेला बाई डॉक्टर होत्या. मी उठून बाहेर जायला लागलो, तर ही म्हणाली, "तुमी हितंच बसा."

तेच प्रश्न आले.

"वेणी कोण घालतं?"

ही क्षणभर थांबली. खोलीत आमच्याशिवाय एक नर्स होती आणि दारात पुढच्या नंबरचे दोघं उभे होते. "हे घालत्यात," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली.

"बटणं?"

"हेच."

"पाण्याचा पेला?"

"दोनी हातानं. भरल्याला न्हाई, अर्धा."

"परसाकडचं?"

तिनं पदर तोंडाला लावला. मग पदर काढला आणि सांगितलं. काय सांगितलं ते मी इथं लिहीत नाही. पण त्यातलं अर्धं मलाही त्या दिवशीच कळलं. एवढी वर्षं एका छपराखाली राहून, तिच्या केसांत रोज हात घालून, मला ते माहीत नव्हतं. थंडीच्या दिवसांत ही संध्याकाळी पोटभर का जेवत नाही, ते मला त्या खोलीत कळलं.

बाईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "मागच्या वेळी का नाही सांगितलंत, मावशी?"

"इचारलं तवा हे ऐकत व्हते."

"आज पण ऐकतायत की."

"आज मीच बसवलंया."

४६ टक्के लिहिले गेले. पाच हजार न देता. तो आकडा ऐकून आनंद व्हावा की वाईट वाटावं, मला उमजेना. बायकोचे हात निम्मे गेले असं कोणी कागदावर लिहून दिलं आणि मी डॉक्टरीणबाईंना हात जोडतोय. जोडतोय तरी कसले, एकच हात कपाळाला लावला.

पुढं सगळं सरळ झालं असं नाही. तिचा अंगठा मशीनवर उठेना. चुलीनं आणि खुरप्यानं आधीच रेघा पुसलेल्या, त्यात बोट वाकडं, काचेवर सपाट बसेचना. बँकेच्या माणसानं चार वेळा दाबून बघितलं. ती कळ सोसत उभी. शेवटी आधार केंद्रावर डोळ्याची खूण घेऊन काम झालं. मंजुरीच्या बैठकीची वाट बघण्यात सहा-सात महिने गेले. २०२३ च्या श्रावणात तिचे पैसे सुरू झाले. त्याच सुमारास महिन्याचे हजाराचे दीड हजार झाले होते. आता २०२५ च्या ऑक्टोबरपासनं अपंगांना अडीच हजार केलेत. कधी वेळेवर येतात, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. पण येतात. ही आता गोळी दर आठवड्याला घेते. मी मोजतो.

वर्षातनं एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. दोघं बरोबरच जातो. तिथला कारकून मान वर करून बघतो आणि लिहितो, दोघे हयात. मला त्या कागदाचं आता काही वाटत नाही. निराधार या शब्दाचंही नाही. चाळीस वर्षं तो शब्द मी दुसऱ्याच्या नावापुढं वळणदार अक्षरात लिहिला. अंगठा देताना बाया मान खाली का घालायच्या, ते मला आता कळलं.

अजूनही लोक अर्ज घेऊन येतात. मी लिहून देतो. पण आता लिहायच्या आधी त्यांच्या घरच्या माणसाला बाहेर ओट्यावर बसवतो आणि विचारतो, "बाबा, बरं हाय म्हणू नगंस. कुठलं काम व्हत न्हाई ते सांग. वाईटातल्या वाईट दिवशी काय व्हत न्हाई ते सांग. जे मला सांगशील तेच तिथं डॉक्टरला सांग. आन् त्यासाठी कुणाला पैसं देऊ नगंस." काही जण लगेच सांगतात. काही जण तंबाखू मळत बसतात. मग मी माझ्या घरचं सांगतो. ते ऐकलं की त्यांचं तोंड उघडतं.

पारावर बोलणं व्हायचं ते झालंच. दोन-चार दिवस पोरं हसली. त्यातल्या एकाच्या आईनं त्याला झापलं म्हणे, तुझ्या बापानं मला कधी तांब्याभर पाणी दिलं नाही.

आता थंडीचे दिवस आहेत. घरात सकाळी अंधार असतो आणि मला केसांचे पेड नीट दिसत नाहीत. म्हणून बाज बाहेर ओट्यावर उन्हात टाकतो. ही पायाशी बसते. जाणारे-येणारे राम राम म्हणतात. मी मान हलवतो, कारण हात रिकामा नसतो.